नाकवालीचं परसदार

माझी आत्या काचेच्या कारखान्यातल्या कँटीनची मुख्य आचारी. कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'नाकवाली' म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं, कारण तिचं नाक होतंच तसं. झाकण न काढता ती सांगायची, कांदा अजून कच्चा आहे. दूध नासणार हे तिला दुधाच्याही आधी कळतं, असं तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, म्हणायचे. एकदा भर जेवणाच्या सुट्टीत हातातला डाव तसाच सोडून ती पॅकिंगच्या शेडकडे धावली. "वायर जळतेय, वायर!" मी तेव्हा तिथेच कामाला होते, पेले कागदात गुंडाळत. आम्हाला कुणालाच काही कळलं नव्हतं. पाहतो तर पेंढ्याच्या गठ्ठ्यांमागे भिंतीतलं बटण धुमसत होतं. पेंढ्याने पेट घेतला असता तर शेड गेलीच होती. भट्टीवरच्या कारागिरांनी त्याच आठवड्यात तिला एक निळा जग फुंकून दिला. तो तिने कपाटात ठेवला नाही, रोज पाण्याला वापरला. "शोभेला ठेवायला मी काय राणी आहे?" असं म्हणायची. पण पाहुणा आला की त्याच जगातून पाणी ओतायची, आणि जगाची चौकशी होईपर्यंत तो टेबलावरून हलू द्यायची नाही.

अशा बाईचं नाक एका तापात गेलं.

ताप साधाच होता, आठवडाभरात उतरला. ती उठली, गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच उभी राहून फळी पुसायला लागली. आतोबांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. ते तिथून ओरडत आले, "अगं, दूध करपलं!"

"कुठे करपलं?" आत्या म्हणाली. ती धुरात उभी होती.

नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, आतली नस दुखावली आहे, वास परत येईलही, नाहीही येणार. जीभ शाबूत होती. खारट, गोड, आंबट, कडू कळायचं, पण त्यापलीकडे काही नाही. पुढे एकदा तिने मला सांगितलं, "जेवण म्हणजे काय उरलं? मीठ आणि गरमपणा. बटाटा खाल्ला काय आणि ओला पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच."

आतोबांना तिने बजावलं, कुणाला सांगायचं नाही. "नाकवालीचं नाक गेलं तर उरलं काय? नुसती 'वाली'!" आतोबा हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि शब्द पाळला. कुलपाच्या धंद्यातला माणूस, गुपित ठेवणं त्यांना जड नव्हतं.

काही महिने तिने हाताच्या सवयीवर कँटीन चालवलं. मग एका उकाड्याच्या दिवशी सूपचं पातेलं नासलं आणि तिला कळलं नाही. तिने नेहमीसारखं वाढलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि एकामागून एक चमचे खाली ठेवले गेले. कुणी एक शब्द बोललं नाही. भट्टीवरचे सगळ्यात वयस्कर कारागीर, ज्यांना सगळे 'काका' म्हणतात, ते गुपचूप उठले, वाडगा मोरीत रिकामा केला, विसळला आणि जागेवर नेऊन ठेवला. शिवी दिली असती तर आत्याने दोन परत दिल्या असत्या. त्या विसळलेल्या वाडग्याने मात्र तिचं काळीज चिरलं.

दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडली. कारण सांगितलं, गुडघे दुखतात.

शेडमध्ये बायका काय काय बोलायच्या ते माझ्या कानावर यायचं. कुणी म्हणे तिचं आणि मॅनेजरसाहेबांचं वाजलं. कुणी म्हणे नाक फार वर झालं होतं, एका सूपवर कुणी बोललं नाही तरी हिच्या नाकाला मिरची झोंबली. मी भांडायचे, पण खरं मलाही माहीत नव्हतं.

मला कळलं ते साबणामुळे. मी तिच्यासाठी गुलाबाचा साबण घेतला होता, पण घाईत पिशव्या बदलल्या आणि तिच्या हातात गेली कपड्यांची वडी, वरचा कागद काढलेली. तिने ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा! काय सुंदर वास आहे गं."

मी म्हटलं, "आत्या, हा कपड्यांचा साबण आहे."

तिने वडी खाली ठेवली. पदर, तोंड, टेबल, सगळं उगाच पुसून काढलं. मग म्हणाली, "बस. दार लाव आधी."

त्या दिवसापासून गुपित तिघांचं झालं. पण गुपित वाटून घेतल्याने पोट भरत नाही. आत्या वाळत चालली. स्वयंपाक करायची तो आतोबांपुरता. स्वतः ताटात चिवडत बसायची. आतोबा रोज नवं काही आणायचे, मासे, चीज, पिकलेली नासपती. ती एक घास खाऊन म्हणायची, "छान आहे." त्या 'छान'ची आम्हाला धास्ती बसली होती.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी सुईण राहायची. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली, मीही त्यातलीच. तिच्या परसात कुंपणाला लागून हातभर लांब, हिरव्या चामड्यासारख्या पानांचं रान माजलं होतं. ते हॉर्सरॅडिश. एवढं लांब नाव गल्लीत कुणी घेत नाही. मुळ्यासारखं दिसतं आणि झणका देतं, म्हणून सगळे त्याला 'झणका' म्हणतात. अख्खं मूळ हातात घेतलं तर अगदी साधं, मातकट, वास नाही की काही नाही. किसणीवर घासलं की मात्र त्याचा खरा स्वभाव कळतो.

शरद संपत आला होता. आत्या म्हातारीकडे सुई मागायला गेली आणि मी तिच्याबरोबर होते. म्हातारी दारात बसून झणका किसत होती, डोळ्यांतून धारा, तोंडाने शिव्या. "लांब बसा गं पोरींनो, हे मेलं विषारी आहे," ती म्हणाली. आत्याला कसली भीती? ती थेट परातीवर वाकली.

आणि दचकून मागे झाली. हात कपाळावर गेला. डोळ्यांत पाणी तरारलं. मला वाटलं काहीतरी लागलं.

"लागलं!" आत्या ओरडली. "सुईणआजी, मला हे लागलं! इथे, नाकात, वर कपाळापर्यंत!"

"लागणारच, त्यासाठीच असतं ते," म्हातारी म्हणाली. "त्यात एवढं नाचायला काय झालं?"

आत्या पुन्हा वाकली. पुन्हा झणका, पुन्हा पाणी. ती रडत होती की झणक्याने डोळे वाहत होते, हे मी आजही सांगू शकणार नाही. तिने म्हातारीला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. म्हातारीने ऐकून घेतलं, चिमूटभर कीस उकडलेल्या बटाट्यावर ठेवला आणि पुढे केला. आत्याने तो बटाटा अख्खा खाल्ला. मग दुसरा मागितला.

डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं, वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची नस वेगळी. एक गेली तरी दुसरी जागी असते. "मग जी जागी आहे तिच्याशीच संसार करायचा," आत्या म्हणाली.

म्हातारीने तिला मुळांचे तुकडे दिले, बोटाएवढे. वसंत लागताच आत्याने ते परसाच्या कोपऱ्यात पुरले. पण घर बांधताना उरलेला विटांचा चुरा नेमका तिथेच गाडलेला होता. शरदात खणलं तर हाती काय आलं? वाकड्या बोटांचे पंजे. वीट लागली की मूळ दुभंगायचं, पुढे दगड लागला की चौभंगायचं. सोलता सोलता निम्मं वाया. आतोबा एक पंजा हातात धरून म्हणाले, "हे तर माझ्याशी हात मिळवायला बघतंय."

आत्याने ते कोपऱ्यातलं सगळं रागाने कुदळीने उकरलं, मुळांचे बारके तुकडे मातीबरोबर परसभर पसरले आणि त्यावर आतोबांनी आपला घेवडा लावला. झणक्याची एक खोड आहे. नखाएवढा तुकडा जरी मातीत राहिला तरी तो उगवतो. उन्हाळ्यात घेवड्याच्या प्रत्येक वेलाशेजारी एक हिरवं पान वर आलं. आतोबा रोज उपटायचे, रोज नवं यायचं. त्यांच्या अगदी नाकी नऊ आले.

"तुझा झणका माझ्या घेवड्याच्या मुळावर आलाय!" ते म्हणाले.

"मुळावर नाही आला, मुळातून आलाय," आत्या म्हणाली. घरात असा खटका कित्येक महिन्यांत उडाला नव्हता. आतोबा तणतणत दुकानात गेले, पण मला दिसलं, ते हसत होते.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पुढच्या वसंतात कारखान्याच्या भंगारातून पत्र्याची पिंपं आणली, वरचे-खालचे पत्रे कापून टाकले आणि कुंपणालगत निम्म्यापर्यंत जमिनीत उभी पुरली. आत्याने त्यांत चाळलेली भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. म्हातारी खुर्ची टाकून बसली आणि हुकूम सोडायला लागली. "उभं नको लावूस, तिरकं लाव. जाड टोक वर. उलटं लावलंस तर तेही उगवेल, पण तुझ्यावर डूख धरून उगवेल." भर उन्हाळ्यात तिने आत्याला प्रत्येक मुळाची वरची माती हाताने बाजूला करायला लावली. मुळाच्या अंगाला केसांसारखी फुटलेली बारकी मुळं फडक्याने घासून काढायची, तळाची तेवढी ठेवायची आणि परत माती लोटायची. म्हणजे सगळा जोर एकाच मुळात जातो आणि ते सरळ, जाड होतं.

ते काम मी पाहिलं आहे. आत्या गुडघे टेकून पिंपावर ओणवी व्हायची, कोपरापर्यंत हात मातीत. गुडघे दुखतात म्हणून नोकरी सोडलेली बाई! शेजारची शिंपीण कुंपणावरून बघायची आणि म्हणायची, "बाई गं, गुडघ्यांना बरं आहे वाटतं आता?" आत्या मान वर न करता म्हणायची, "गुडघ्यांना काय झालंय?"

पानं पहिल्या गारठ्याने काळवंडून आडवी झाली, तेव्हा म्हातारी म्हणाली, आता काढ. आतोबांनी पिंप हलवून वर ओढलं, माती ढासळली, आणि आत एक मूळ उभं होतं. मनगटाएवढं जाड, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि सरळ. आत्याने ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं. म्हातारी खुर्चीतून उठली, मूळ उलटंसुलटं पाहिलं, नखाने टोकरलं, आणि म्हणाली, "माझ्या उभ्या जन्मात माझ्या परसात असं निघालं नाही." ही म्हातारी बाळंतिणीचंसुद्धा कौतुक करायची नाही. आत्याची मान त्या दिवशी अशी ताठ झाली की आतोबा म्हणाले, "आता दार उंच करावं लागणार."

झणका किसला तो अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. तरी शिंपीण शिलाई सोडून डोळे पुसत बाहेर आली, पोस्टमन सायकलवरून उतरून शिंकत राहिला. आत्या एकटी ताठ बसून किसत होती. कीस पडल्या पडल्या व्हिनेगर घातलं तर झणका सौम्य राहतो, थोडं थांबून घातलं तर जहाल होतो, हे म्हातारीने शिकवलं होतं. आत्या थांबायची. वास घेऊन नाही, डोळ्यांतल्या पाण्यावरून ठरवायची कधी ओतायचं. आणि दरवेळी बरोबर तेवढाच तिखट निघायचा.

त्यातली एक बाटली मी डब्याबरोबर कारखान्यात नेली. कँटीनमध्ये आता एक नवा आचारी होता, तिशीतला, उंच, कष्टाळू, पण बिचकणारा. मीठ घालतानासुद्धा परवानगी मागेल असा. त्याचं जेवण वाईट नव्हतं, फिकं होतं. मी ताटातल्या उकडलेल्या मांसाला झणका लावला. शेजारी बसलेल्या काकांनी बोट बुडवून चाखला. आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी फुंकून त्यांची जीभ भाजून निघालेली. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "कुणी केलं हे?"

"नाकवालीने," मी म्हटलं.

बाटली टेबलावरून टेबलावर फिरली आणि रिकामी परत आली. पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेब स्वतः आत्याच्या घरी आले. निळ्या जगातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "परत या. माणसं विचारतात. गुडघे दुखत असतील तर बसायला उंच स्टूल देतो."

मी आणि आतोबा दाराशी उभे. 'हो' म्हणायचं आणि गुपित तसंच चालवायचं, एवढं सोपं होतं.

आत्या म्हणाली, "उद्या जेवणाच्या सुट्टीत येते. सगळ्यांसमोर बोलायचंय. मग तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी ती आली. चांगले कपडे घातले होते, पण नखांत माती तशीच. कँटीनच्या मधोमध उभी राहिली. भांड्यांचा आवाज थांबला.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "नाक गेलंय. तापात गेलं. मला कसलाच वास येत नाही. ते नासलेलं सूप तुम्हाला मी वाढलं, ते मला कळलंच नव्हतं. मला लाज वाटली म्हणून पळून गेले आणि खोटं सांगितलं. आता परत बोलावताय, तर हे माहीत असू दे. या नवीन आचाऱ्याला नाक आहे, जीव लावून काम करतो, त्याला हाकलून मला ठेवणार असाल तर मी येणार नाही. तो वास घेईल, बाकीचं मी बघेन. चालत असेल तर सांगा, नसेल तर झणक्याच्या बाटल्या पाठवत जाईन."

मग काका उठले, आपला वाडगा घेऊन तिच्याकडे गेले. "त्या दिवशी मी वाडगा विसळून ठेवला, तो तुला लाज वाटू नये म्हणून गं," ते म्हणाले. "आम्हाला काय वाटलं, हिच्या घरात काही दुःख घडलंय. विचारायचं धाडस झालं नाही. वाढ आता, भूक लागलीय."

मागून कुणीतरी ओरडलं, "नाकवाली आली रे!" आणि डबे, चमचे, टेबलं, जे हाताला लागेल ते बडवलं गेलं. मी पॅकिंगवाली, पेल्यांना धक्का लागू नये म्हणून जपणारी, मीही टेबल बडवत होते. माझ्या आत्याकडे बोट दाखवून शेजारणीला सांगत होते, "माझी आत्या आहे ती!" जणू तिला माहीतच नव्हतं.

पुढे ती कशी रांधायची ते बघायला दुसऱ्या पाळीची माणसं लवकर यायची. कांदा झाला की नाही हे ती तेलाच्या आवाजावरून सांगायची. कच्चा कांदा तडतडतो, शिजलेला कुजबुजतो, असं तिचं म्हणणं. पावाची कड ती बोटाने वाजवून बघायची. नव्या आचाऱ्याला प्रत्येक पातेल्याशी नेऊन विचारायची, "काय येतंय? नीट सांग. 'छान' म्हणायचं नाही, 'छान' हा वास नसतो." तो चाचरत सांगायचा, "ओल्या लाकडासारखं... आता थोडं गोडसर." वर्षभरात त्या बिचकणाऱ्या माणसाचा आवाज भटारखान्यात खणखणायला लागला. दोघं पातेल्यावरून कडाकडा भांडायची, आणि जेवण असं व्हायचं की जुनी माणसं म्हणत, नाक होतं तेव्हाही इतकं चांगलं नव्हतं. ही थोडी खुशामत असेल. पण आत्या ती नाकारायची नाही.

तिचं बोलणं कारखान्याबाहेर पसरलं आणि एक नवल घडलं. वास गेलेली माणसं तिला शोधत यायला लागली. इतकी असतात हे आम्हाला कुठे माहीत होतं? कुणी तापाने, कुणी डोक्याला मार लागून. बहुतेकांनी घरात सांगितलेलंही नसायचं. एक शाळेतल्या बाई आल्या, तान्हं बाळ कडेवर. म्हणाल्या, "याच्या डोक्याचा वास मला कधीच कळला नाही." आत्याने समजूत घातली नाही. ताजा झणका किसला, परात पुढे केली. "वाका. हळू." बाई वाकल्या, दचकल्या, डोळे पुसत हसायला लागल्या. बाळ त्यांच्या तोंडाकडे बघून हसलं.

"हा वास नाही हं," आत्या त्यांना म्हणाली. "खोटं सांगणार नाही. पण तिकडे कुणीतरी जागं आहे, एवढं कळतं की नाही?"

"कळतं," बाई म्हणाल्या.

आत्याचा वास परत आला नाही. तिने वाट बघणंही सोडलं. सुईणआजी गेली तेव्हा तिच्या परसातलं झणक्याचं रान आत्याने काढून घरी आणलं, आणि आतोबांच्या विरोधाला न जुमानता आणखी पिंपं पुरली. घेवडा आता गच्चीवर गेला आहे. तिथे झणका पोचणार नाही, अशी आतोबांची समजूत आहे.

परवाच मी गेले तर आत्या अंगणात बसून लावणीचे तुकडे निवडत होती. वरचं टोक सपाट कापायचं, खालचं तिरकं, म्हणजे नवख्या माणसाने उलटं लावायला नको. दाराशी एक ट्रकड्रायव्हर उभा होता, दुरून आलेला, वास गेलेला, टोपी हातात चुरगाळत. त्याने विचारलं, "बाई, माझ्याकडे बाग नाही. एक जुनी बादली आहे फक्त."

"खोल आहे का?" आत्या म्हणाली.

"गुडघ्याएवढी."

"मग भोकं पाड तळाला आणि हे घे." तिने त्याच्या हातावर तीन चांगले जाड तुकडे ठेवले. तो त्यांकडे संशयाने बघत राहिला. तशी ती हसली, उठून उभी राहिली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "नुसतं बघून काही कळायचं नाही तुला. ये, आधी आत ये. जेवून जा."